शंकरपाळी, बिशप आणि नागपूर

आधी माफी मागून टाकतो. मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं कधी जमलं नाही. शब्दही मला साधेच येतात. चुका सापडतील, त्या सांभाळून घ्या. पण आमचा आवाज मोठा होता, त्याची माफी मी मागणार नाही. ती आजवर सगळ्यांनी मागायला लावली. शेजाऱ्यांनी, समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं, एकदा तर मुंजीला आलेल्या भटजींनी. बस झालं.

कोणालाच नको असलेली वस्तू तिघांनी जपून ठेवली, की किस्से आपोआप साठतात. पलंगाखाली केस आणि धूळ साठते तसे. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण झाडू फिरवला की ढीग!

घाटकोपरला भटवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली आहे. विज्या सावंतच्या मामाची. दर रविवारी दुपारी आम्ही तिथे जमायचो. आम्ही म्हणजे विज्या, फ्रान्सिस, मी, आणि श्रीकांत. पहिले तिघे गिटार वाजवणारे, प्रभाकरभाऊंच्या ऑर्केस्ट्रात. आणि तिघांकडेही विलायती, व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर. जुना रेडिओ आठवा. चालू केला की आधी आतली काच लाल व्हायची, मग आवाज यायचा. तीच जात. फक्त वजन माणसाएवढं.

कंपनीची नावं आम्ही घ्यायचो नाही. माझ्या अ‍ॅम्पच्या तोंडावरच्या कापडाला तपकिरी चौकड्या होत्या, म्हणून तो शंकरपाळी. तो मला मालाडच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्यानं दिला, मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जाताना. फ्रान्सिसचा काळा, वर सोनेरी पट्टी, म्हणून बिशप. विज्याचा अख्खा नारंगी, म्हणून नागपूर. नागपूरच्या बटणांवर अक्षरं नव्हती, नुसती चित्रं होती. मी म्हणायचो, हा माझ्यासारख्यांसाठीच बनवलाय.

श्रीकांत कॉलेजात शिकलेला, घरी परदेशी मासिकं यायची, गिटारही जेमतेम यायची. त्याच्याकडे अ‍ॅम्प नव्हता. मतं होती.

एकदा फ्रान्सिसनं विचारलं, "बाबा, तू रोज तिघांना नावं ठेवतो. तुझा आवडता कुठला?"

श्रीकांत गंभीर होऊन म्हणाला, "माझा अजून अभ्यास चाललाय."

फ्रान्सिस म्हणाला, "म्हणजे लग्न न करता सासऱ्यावर पीएचडी!"

*

आता गोष्ट कशावर अडली होती तेही सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

प्रभाकरभाऊंनी जपानी ट्रान्झिस्टरचा एक नवा अ‍ॅम्प आणला होता. लहान, करडा, वर हँडल. आम्ही त्याला सुटकेस म्हणायचो. भाऊंनी प्रॅक्टिसच्या हॉलमध्ये तो एका हातात उचलून सगळ्यांना दाखवला, वजनकाट्यावर बाळ दाखवतात तसा.

"बघा! हलका आहे, गरम होत नाही, बिघडत नाही. पुढच्या सीझनपासून माझ्या स्टेजवर तुमची खोकी चढणार नाहीत. ज्याला खोका प्यारा असेल त्यानं खोक्याबरोबर घरी बसावं."

हलका आहे, मान्य. बिघडत नाही, तेही मान्य. लोखंडी कपाटसुद्धा बिघडत नाही. त्याचं वाजवणं ऐकायला कोणी तिकीट काढत नाही.

पण हे मी आज लिहितोय. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. माझं असंच आहे. दिवसभर साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये काम करतो, तिथेही मशीनच बोलतं. चार माणसांत मला बोलता येत नाही. गिटार त्या शंकरपाळीत लावली की तेवढं बोलता येतं. सुटकेसमध्ये लावून बघितली होती. दुसराच कोणीतरी बोलतोय असं वाटलं. त्यामुळे ऑर्केस्ट्रा सुटला तरी वाट लागणार होती, आणि शंकरपाळी सुटली तरी. दोन्ही पाहिजे होतं मला. भाऊ म्हणत होते, एकच मिळेल.

*

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तापावा लागतो. आमच्यात नियम होता, काच लाल झाल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. तोपर्यंत चहा.

मुलुंडला एका लग्नाच्या रिसेप्शनला आईस्क्रीमवाल्यानं त्याच्या फ्रीजरसाठी विज्याची पिन काढली आणि आपली घातली. विज्यानं बघितलं तेव्हा नागपूर थंडगार! पिन परत लावली, पण तापायला वेळ हा लागणारच. आणि पुढच्या गाण्याची सुरुवातच गिटारनं. निवेदकानं गाण्याचं नाव सांगितलं, टाळ्या झाल्या, गायिका माईक धरून हसत उभी. आणि स्टेजवर शांतता.

भाऊ दात न उघडता म्हणाले, "वाजव!"

विज्या म्हणाला, "उठतोय, भाऊ."

"कोण उठतोय?"

"नागपूर."

गायिकेचं हसू सुकायला लागलं. शेवटी नवरीचे काका तरातरा स्टेजजवळ आले. "अहो, काय चाललंय? लोक ताटकळलेत!"

भाऊ माफी मागायला वाकले, तेवढ्यात मागून फ्रान्सिस बोलला, "काका, तुमचा नवरदेव दोन तास उशिरा आला. आम्ही काही बोललो?"

काका परत जाऊन बसले. आणि मग नागपूर जे वाजलं! आईस्क्रीमवाल्यानंसुद्धा वाटप थांबवलं होतं.

*

खोली गिरणीच्या वर, हे सांगितलंच. एका रविवारी विज्या सोलो वाजवत होता आणि मधेच आवाज असा काही गोड झाला की आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. जाड, मऊ, थोडा फाटलेला. दोन मिनिटांनी परत नेहमीसारखा.

"हात बदललास का रे?"

"नाय रे, तोच हात."

श्रीकांतनं शोध लावला. खाली गिरणी सुरू झाली की विजेचा दाब उतरायचा. दिवा मंद व्हायचा, आणि दाब उतरला की व्हॉल्व्हचा आवाज गोड व्हायचा. गिरणी बंद, गोडवा बंद.

झालं! त्या दिवसापासून आम्ही गिरणीच्या वेळेवर वाजवायला लागलो. पण रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी. मग गिऱ्हाईक आम्हीच. येताना प्रत्येकानं घरून डबा आणायचा. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, काहीही. एक जण खाली डबा देणार, वर दुसरा सोलो घेणार. बिशपला गहू मानवायचा. शंकरपाळीला हरभऱ्याची डाळ, कारण ती दळताना गिरणी जास्त जोर काढते. यावर हसू नका. आम्ही करून बघितलंय.

घरी आई वैतागली. आम्ही मालवणकडचे. ती म्हणाली, "घरात माणसां दोन, नि पीठ धा जणांचा! कोणाचा लगीन ठरवलंस काय रे?"

गिरणीवाल्यालाही तीच शंका आली. एकदा विज्या लागोपाठ तिसरा डबा घेऊन खाली गेला, तेव्हा त्यानं कौतुकानं विचारलं, "काय सावंत, घरात कार्य आहे वाटतं?"

विज्या म्हणाला, "नाही हो. सोलो आहे!"

*

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये कधीकधी रेडिओ घुसतो. वायर एरियलसारखी काम करते म्हणतात. माझ्या शंकरपाळीत दुपारी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. मी हळुवार काहीतरी वाजवत असायचो आणि खालून एक बाई कांद्याचे बाजारभाव सांगत असायची.

एकदा भाऊ खोलीवर आले होते, आम्हाला सुटकेससाठी राजी करायला. नेमकी तेव्हाच ती बाई सुरू झाली. भाऊंना आयतं कोलीत मिळालं.

"बघ! बघ हा तुझा विलायती माल! गिटारमधून कांदे येतात!"

मी वायर हलवून बघितली. विज्या शांतपणे म्हणाला, "आणि भाऊ, तुमची सुटकेस? तिच्यातून काय येतं?"

"काही येत नाही! एकदम साफ!"

"तेच तर म्हणतोय. काहीच येत नाही."

*

गोराईला फ्रान्सिसच्या मावसबहिणीचं लग्न होतं. बिशप न्यायचा ठरला. गोराईला जायचं म्हणजे खाडी ओलांडायची, होडीतून. बिशप दोन तुकड्यांत असतो, वर डोकं आणि खाली स्पीकरचं उभं कपाट. ते कपाट काळं, लांब, कोपऱ्यांना धातूच्या पट्ट्या. होडीत आम्ही ते आडवं ठेवलं आणि चार बाजूंनी चौघं बसलो. लग्नाला जायचं म्हणून चौघांच्याही अंगात काळे कोट.

पलीकडे उतरताना ते चौघांनी खांद्यावर घेतलं. वाट चिखलाची, म्हणून सावकाश, खाली बघत, एका चालीत. धक्क्यावर मासळी निवडत बायका बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवले. एकीनं छातीवर क्रूस काढला. दुसरीनं पदर डोक्यावर घेतला. एक म्हातारी उठून जवळ आली आणि हळू आवाजात फ्रान्सिसला म्हणाली, "कोन गेला रं, पोरा?"

फ्रान्सिसनं खांदा न हलवता उत्तर दिलं, "अजून कोन नाय, बाय. वाजवल्यावर बघू!"

*

कुठला अ‍ॅम्प सगळ्यात चांगला, यावर आम्ही इतकं भांडलो की शेवटी श्रीकांत म्हणाला, "परीक्षा घेऊ. शास्त्रीय."

त्यानं खोलीच्या मधोमध दोरी बांधून चादर लावली. चादरीमागे तिन्ही अ‍ॅम्प, आणि श्रीकांत. तो एकच गिटार, एकच ओळ, तिघांतून आळीपाळीनं वाजवणार. पहिला, दुसरा, तिसरा. आम्ही चादरीच्या अलीकडे बसून सगळ्यात चांगल्याचा आकडा सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदावर लिहायचा.

फ्रान्सिस म्हणाला, "परीक्षा कशाला? बिशप तर मी झोपेत ओळखीन."

विज्या म्हणाला, "मग झोप."

श्रीकांतनं वाजवलं. आम्ही डोळे मिटून ऐकलं. खोटं सांगत नाही, इतकं मन लावून मी शाळेत कधी काही ऐकलं नव्हतं. कागद घड्या करून दिले. श्रीकांत चादरीमागून बाहेर आला, कागद उघडले, आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी वारलंय.

फ्रान्सिसनं निवडलं होतं नागपूर. विज्यानं निवडली होती शंकरपाळी. आणि मी? बिशप!

कोणी कोणाकडे बघेना. खाली गिरणीसुद्धा बंद होती. मग फ्रान्सिस उठला, चादर दोन बोटांत धरून चोळून बघितली आणि विचारलं, "ही धुतलेली आहे का रे?"

विज्या म्हणाला, "हो. आईनं कालच धुतली."

"खळ घातली?"

"घातली असेल."

"तेच!" फ्रान्सिस म्हणाला. "खळीनं आवाज बदलतो."

विज्या लगेच म्हणाला, "आणि सुती आहे. सुती कापड आवाज खातं. टेरीकॉट पाहिजे होतं."

मीसुद्धा मान डोलावली. श्रीकांत ओरडला, "अरे, तिघांसाठी चादर एकच होती!"

फ्रान्सिसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, तुझ्याकडे अ‍ॅम्प नाही. तुला नाही कळणार."

परीक्षा पुन्हा झाली नाही. पुढच्या रविवारी आम्ही तितक्याच जोरात भांडलो, जो तो आपल्याच अ‍ॅम्पची बाजू घेऊन.

*

सीझन जवळ आला तसा एकेक जण गळाला. फ्रान्सिस भाऊंना म्हणाला, "राम राम," आणि वांद्र्याच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये गेला, बिशपसकट. विज्याला नुकती मुलगी झाली होती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी घेतो रे सुटकेस. घरी सांगू काय?" मी म्हटलं, "घे ना यार." त्यात त्याचं काही चुकलं नाही. नागपूर त्यानं विकलं मात्र नाही. घरी त्यावर पोरीचं दुपटं वाळत घालतो.

राहिलो मी. भाऊंनी मला बोलावून विचारलं, "मग? सुटकेसवर वाजवणार ना?"

मी गप्प राहिलो. भाऊंनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "शाब्बास. समजदार आहेस."

सीझनचा पहिला कार्यक्रम घाटकोपरलाच, पंतनगरच्या बाजूला एका मंडळाच्या सत्यनारायणाच्या पूजेला. संध्याकाळचा. मी दुपारी उन्हातच हातगाडीवर शंकरपाळी घालून मैदानात पोचलो. भाऊ स्टेजच्या पायरीवर आडवे उभे राहिले.

"हे काय? तुझं ठरलं होतं ना?"

"मी काही बोललो नव्हतो, भाऊ."

"स्टेजवर खोका चढणार नाही! माझं स्टेज आहे!"

मी म्हटलं, "बरं."

मग मी शंकरपाळी स्टेजवर चढवली नाही. समोर मैदानात डेकोरेटरचा माणूस लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडत होता. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मी धरली. दोघांनी मिळून शंकरपाळी उचलली आणि खुर्चीत बसवली, तोंड स्टेजकडे करून. माणूस बसतो तशी. त्यानंच लाईटचा एक बोर्डही काढून दिला. फ्रान्सिसनं मला लांबलचक वायर जोडून दिली होती, ती स्टेजवरून खाली सोडली. आरती सुरू झाली तशी पिन लावली. अ‍ॅम्प तापायला लागला.

भाऊ पूजेच्या गडबडीत होते. त्यांनी स्टेजवरून बघितलं तोपर्यंत आरती झाली होती, लोक बसले होते आणि पडदा उघडला होता. पडदा उघडल्यावर भाऊ कधी ओरडत नाहीत. हसतात. ते माझ्याकडे बघून इतकं हसले की मला घाम फुटला.

दोन गाणी झाली आणि प्रमुख पाहुणे आले. वॉर्डातले नगरसेवक. पांढरे कपडे, मागे आठ-दहा माणसं. छातीवर बिल्ला लावलेला मंडळाचा सेक्रेटरी त्यांना वाट काढत पहिल्या रांगेत घेऊन आला, आणि थबकला. मधली खुर्ची भरलेली!

सेक्रेटरीनं खालूनच भाऊंना खूण केली. उचला हे. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या मैदानानं माझ्याकडे बघितलं. गाण्याचा माईक माझ्यासमोर होता. त्यावर मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

मी म्हटलं, "त्याला उठवू नका."

माझा आवाज पार मागच्या रस्त्यापर्यंत गेला. नगरसेवकांनी सेक्रेटरीला विचारलं, "कोण आहेत हे?" सेक्रेटरीनं परत भाऊंकडे बघितलं. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची सुपारी भाऊंच्या डोळ्यांपुढून सरकताना मला दिसली. भाऊंनी माझ्यासमोरचा माईक आपल्याकडे वळवला, घसा साफ केला, आणि हसत हसत म्हणाले, "आजच्या कार्यक्रमासाठी खास इंग्लंडहून आलेले आमचे पाहुणे!"

टाळ्या!

नगरसेवकांनी शंकरपाळीला हात जोडले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

मग सत्कार सुरू झाले. सेक्रेटरीच्या हातात शाली आणि नारळ. पहिला नगरसेवकांना. मग तो शंकरपाळीपुढे उभा राहिला आणि त्यानं शाल उलगडली. मी माईकमध्ये पुन्हा ओरडलो, "शाल नको! गरम आहे!" त्यानं शाल काखेत मारली आणि नारळ तेवढा वर ठेवला.

पुढचं गाणं माझं होतं. सोलो आला तसा मी आवाज वाढवला. मागे हटायचं नाही असं ठरवूनच आलो होतो. नारळ थरथरायला लागला. आधी जागच्या जागी, मग कडेकडे सरकत. नगरसेवकांनी बघितलं, आणि पटकन हात पुढे करून तो धरला. सोलो संपेपर्यंत धरून बसले. डोळे मिटून. गाणं संपलं तरी त्यांनी हात काढला नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर भाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आता हसत नव्हते. "उद्यापासून प्रॅक्टिसला यायचं नाही," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातगाडीवर शंकरपाळी घालून मैदानात गेलो. डेकोरेटरची माणसं खुर्च्या गोळा करून टेंपोत भरत होती. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मी मागून घेतली, हातगाडीवर शंकरपाळीशेजारी बांधली, आणि प्रॅक्टिसला गेलो.